गोदाकाठ पायी पाहता यावा: सिंहस्थाची कामे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिकच्या गोदाकाठावरची सिंहस्थाची कामे आखणारे, मंजूर करणारे आणि करून घेणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवर कामे निघाली आहेत. घाट, रस्ते, पूल, दिवे, साधूंच्या मुक्कामासाठी साधुग्राम, आणि रामकुंड, सीतागुंफा, काळाराम हा परिसर जोडणारा सुमारे ९९ कोटींचा रामकालपथ. गावात पैसा येतो आहे याचा मला आनंदच आहे. तो कशावर खर्च होणार, याची मात्र काळजी वाटते. नदीत एकदा ओतलेले काँक्रीट काढून घ्यायला किती वर्षे जातात आणि किती खेटे घालावे लागतात, हे नाशिकने पाहिले आहे. म्हणून कामे पुरी व्हायची वाट न पाहता आत्ताच लिहिते आहे. आणि जाहीर लिहिते आहे, कारण हा काठ सगळ्या गावाचा आहे.

मी पंचवटीत वाढले आणि लग्न होऊन जुन्या नाशकातल्या तिवंध्याच्या बाजूला आले, म्हणजे एका काठावरून समोरच्या काठावर. शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून ओळखीच्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना नाशिक फिरवून दाखवते. पैसे घेत नाही, संस्था नाही, पक्ष नाही. फिरवताना जे दिसते आणि जे सोसावे लागते, ते तुमच्यापुढे ठेवते.

आज बाहेरगावच्या माणसाला नाशिक कसे दिसते? बस रामकुंडाजवळ थांबते. लोक स्नान करतात किंवा नुसते पायांवर पाणी घेतात. कपालेश्वराच्या पायऱ्या चढतात, इथे महादेवासमोर नंदी नाही हे ऐकतात, काळाराम, सीतागुंफा करतात, मग रिक्षाने तपोवन. जेवणाच्या वेळेपर्यंत गाडी त्र्यंबकला नाहीतर शिर्डीला लागलेली असते. यात येणाऱ्याचा दोष नाही आणि रिक्षावाल्याचाही नाही. या गावात एक अख्खा दिवस राहावे, पायी फिरावे, असे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. आणि सांगितले तरी, फिरता येईल अशी व्यवस्था आपण ठेवलेली नाही.

माझ्यासोबत येणाऱ्यांना मी आधी नदीवर नेत नाही. ऊन चढायच्या आत पांडवलेणी गाठते. त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून ठेवला आहे. आणि दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. या पत्राचा खरा आधार तेच लेख आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उषवदात लिहितो की त्याने भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (नालासोपारा) इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले. त्यातले गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरच्या बाजूचे गोवर्धन. बागा, तळी, विहिरी केल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. दुसऱ्या एका लेखात पैशाचा हिशेब आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून दिले. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले, व्याज दरमहा. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले, फलकावर नोंदले, असेही कोरून ठेवले आहे.

शाळेतल्या मुलांना हा लेख समजावताना मी नेहमी शेवटच्या ओळीवर थांबत असे. रक्कम किती, कुणाकडे, कशासाठी, हे गावाला वाचून दाखवले गेले होते. आज गोदाकाठावर कोणते काम कशासाठी चालू आहे, हे तिथे रोज येणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. माझ्या तक्रारींची सुरुवात इथूनच होते.

पहिली तक्रार ही की काठ बदलताना काठावरच्या लोकांना विचारले जात नाही. २००३च्या सिंहस्थाच्या वेळी नदीतल्या प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. रामकुंड, लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड, अशी कुंडांची ही माळ नदीच्या पात्रातच आहे आणि त्यांना आपले जिवंत झरे होते. तळ बंद केला की झरा बंद होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. लोकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, तेव्हा कुठे काही कुंडांतले काँक्रीट निघाले. नंतर काठाच्या सुशोभीकरणात जुन्या दगडी पायऱ्याही उखडल्या गेल्या. लोक जमले, ओरडा झाला, मग काम थांबले. प्रत्येक वेळी आधी दगड जातो आणि मग चर्चा होते. सुंदरनारायणाचे देऊळ १७५६चे, नारोशंकराचे १७४७चे. त्यांच्या पायथ्याशी असलेला घाट त्याच हातांनी, त्याच काळ्या दगडात घडवलेला आहे. देऊळ वारसा आणि पायरी अडगळ, असा भेद कसा करता येईल?

दुसरी तक्रार साधी आहे आणि सगळ्यात जुनी आहे. बाईमाणसाला या काठावर दोन-तीन तासांहून जास्त थांबता येत नाही. स्वच्छ, उघडे, पाणी असलेले स्वच्छतागृह चटकन सापडत नाही. सापडले तर कुलूप असते, नाहीतर आत जाववत नाही. माझ्यासोबत आलेल्या वयस्क बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण नंतर कुठे जायचे हा प्रश्न असतो. उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. अस्थिविसर्जनासाठी लांबून आलेल्या घरातल्या बायका ओल्या साडीने लुगड्याचा आडोसा धरून उभ्या असतात. त्या दु:खात असतात. त्यांच्यासाठी एवढे तरी आपल्याला करता येऊ नये? उषवदाताने दोन्ही तीरांवर पाणपोया ठेवल्या होत्या. तेवढे तरी आपण करू.

तिसरी, वाहनांची. घाट चालण्यासाठी आहे, पण गर्दीच्या दिवशी गाड्या पार पाण्याच्या कडेपर्यंत येऊन लागतात, त्यांतल्या काही तिथेच धुतल्या जातात. म्हातारी माणसे दोन गाड्यांच्या फटीतून पाय टाकतात. आपण हे गमतीवारी नेऊ नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. त्या उतारावर आजही सणावारी उभे राहिले की छाती दडपते. चालण्याची वाट मोकळी ठेवणे हा इथे सौंदर्याचा विषय नाही, जिवाचा आहे.

चौथी, काय सांगितले जाते आणि काय वगळले जाते याची. रामकालपथ होतो आहे, तो चांगला व्हावा. रामावरची माझी श्रद्धा कुणाहून उणी नाही. माझी आई रोज काळारामाच्या काकड आरतीला जायची. पण या काठावर रामकथेबरोबर आणखी कितीतरी आहे आणि ते त्याच वाटेवर आहे. काळारामाच्या दरवाजाशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे देवळात प्रवेशाचा आपला हक्क मागत उभी राहिली आणि तो लढा वर्षानुवर्षे चालला. त्या दरवाजातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला हे कळले पाहिजे. देवळाच्या वास्तूइतकेच ते महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते जास्तच. नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीजांची, वसईच्या विजयानंतर आलेली. पूर आला की पाणी त्या घंटेला लागले का, हे नाशिककर विचारतात. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, हे आपले पूरमापक. १९६९, २००८, २०१६, २०१९, या सगळ्या पुरांची आठवण माणसे याच मापात सांगतात. पलीकडच्या काठावर पेशवाईतला सरकारवाडा आहे, भांडीबाजार आणि तांबट आळी आहे, १८४० साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, विजयानंद नाट्यगृह आहे, जिथे २१ डिसेंबर १९०९ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हे सगळे एका दिवसात पायी जोडता येते. तरी येणाऱ्याच्या हाती एक नीट नकाशा पडत नाही. आहेत त्या पाट्यांवरची अक्षरे उडालेली, काही ठिकाणी पाटीवर दुसऱ्याच कुणाचे फलक चिकटवलेले.

पाचवी काझीच्या गढीची. ही तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतो आहे. नदीकाठचे हे मातीचे टेकाड म्हणजे नाशिकची जन्मपत्रिका आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर सापडले. म्हणजे उषवदातही या गावात उशिरा आलेला पाहुणा ठरतो! आणि त्या गढीची आजची अवस्था? दर पावसाळ्यात कडा ढासळतात, वर राहणाऱ्या कुटुंबांना नोटिसा जातात, चार दिवस बातम्या येतात, पाऊस ओसरला की सगळे शांत. गरीब माणसे आणि गावाचा सर्वात जुना इतिहास, दोन्ही एकाच वेळी नदीत चालले आहेत. एवढ्या कोटींच्या याद्या होतात, त्यात गढीचे नाव कितव्या पानावर आहे, हे मला कुणी दाखवावे.

जुन्या वाड्यांचेही तेच. पावसाळ्यात भिंत पडली की तो धोकादायक ठरतो आणि उतरवला जातो. त्याची कोरीव खांबाची ओसरी, गणेशपट्टी, कडीपाट कुठे जातात ते कुणी विचारत नाही. दुरुस्तीला सवलत, सल्ला, कारागीर मिळाले तर मालक वाडा पाडायला उत्सुक नसतात. मी अशा घरांत राहिलेली आहे, मला हे माहीत आहे.

तपोवनाबद्दल लोक बरेच बोलले आहेत, म्हणून थोडक्यात. २०२५च्या अखेरीस साधुग्रामासाठी तिथली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले. ज्या जागेला तपोवन म्हणून लोक पाहायला येतात, तिथे झाडच नसेल तर आम्ही पाहुण्यांना काय दाखवायचे? साधूंनाही सावली हवी असते.

पाण्याविषयी तर आता नवे काही सांगण्यासारखे उरलेले नाही. गोदावरीला मिळणाऱ्या वाघाडी आणि नासर्डीतून काय येते हे तुम्हाला ठाऊक आहे, खालच्या अंगाला पाणवेली कशा माजतात तेही. पर्वणीच्या आधी धरणातून पाणी सोडून चार दिवस नदी वाहती दिसते. आम्ही इथे बाराही महिने राहतो.

आणि एक तक्रार अशी, की जे पाहण्यासारखे आहे पण बांधलेले नाही, ते कुठल्याच आराखड्यात येत नाही. नाशिकची रंगपंचमी देशात दुसरीकडे कुठे अशी होत नाही. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, वर्षभर मातीखाली झाकलेल्या असतात. शनि चौक, तिवंधा, या भागांतल्या रहाडी त्या दिवसांत उघडतात, मानकरी पूजा करतात, रंगाचे पाणी तयार होते आणि मग अख्खा जुना नाशिक त्यात धप्पा मारतो. धुळवडीला घरोघरचे वीर टाक घेऊन वाजतगाजत गंगेवर येतात. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, संध्याकाळी नदीवरचा वारा अंगावर घेत शेकडो माणसे व्याख्यान ऐकतात. दर बुधवारी काठावर बाजार बसतो. मला विचाराल तर रोषणाईच्या कारंज्यांपेक्षा बाहेरच्या माणसाला हे दाखवावे. त्याने रहाडीत उडी मारावी, बुधवारच्या बाजारात विळी-खलबत्ता विकत घ्यावा, तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ऐकावा. पण सुशोभीकरण म्हटले की सर्वात आधी उठवला जातो तो हा बाजारवाला. त्याला हलवायचे असेल तर आधी त्याची नवी जागा ठरवा, ती काठाजवळच असू द्या.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

गोदाकाठावरच्या प्रत्येक कामाचा नकाशा, खर्च, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद मराठीत मोठ्या फलकावर जागेवरच लावा. काम सुरू होण्याआधी पटांगणावर जाहीर बैठक घ्या आणि हरकती लेखी नोंदवून घ्या. घाट, पायऱ्या, कुंडे, समाध्या, दगडी शिल्पे, यांची दगडनिहाय नोंद झाल्याशिवाय तिथे यंत्र उतरवू नका. जुन्या दगडावर फरशी किंवा काँक्रीट चढवायचे नाही, हे निविदेतच लिहा. दुरुस्ती चुन्याने करणारे, दगड घडवणारे कारागीर घ्या, पुरातत्त्वाची माणसे रोज जागेवर असू द्या.

पांडवलेण्यापासून तपोवनापर्यंत पायी वाट आखा. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, झाडाची सावली आणि टेकायला जागा असावी. स्वच्छतागृह पहाटेच्या स्नानापासून रात्रीपर्यंत उघडे राहील आणि तिथे नेमलेल्या माणसाला वेळेवर पगार मिळेल, याची हमी द्या. रामकुंडावर बायकांसाठी वस्त्रांतराची पुरेशी, झाकलेली जागा करा. घाटावर वाहनांना बारा महिने बंदी करा. बस लांब थांबवा, वृद्ध आणि अपंगांसाठी छोट्या गाड्यांची सोय ठेवा आणि त्यात इथल्याच रिक्षावाल्यांना काम द्या.

पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजीत लावा आणि मजकूर अभ्यासकांकडून तपासून घ्या. त्यात रामकथा असू द्या, १९३०चा सत्याग्रह असू द्या, सातवाहन असू द्या, तांबट आणि बुरूडही असू द्या. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशिकातल्या मुलामुलींना वाटाड्याचे प्रशिक्षण देऊन ओळखपत्र द्या. माझ्या हाताखाली शिकलेली अशी हुशार मुले आज कामाच्या शोधात पुणे-मुंबईला आहेत.

काझीच्या गढीवरच्या कुटुंबांना आधी जवळपास पक्की घरे द्या, मग कडा बांधा, आणि त्याआधी थरांची शास्त्रीय नोंद करा. तपोवनातली जुनी झाडे जिथे आहेत तिथेच राहतील, असे लेखी जाहीर करा. वाघाडी-नासर्डीचे सांडपाणी अडवण्याचे काम कुठवर आले, ते दर महिन्याला त्याच फलकावर लिहा.

शेवटची मागणी मला सर्वात महत्त्वाची वाटते. सिंहस्थाच्या निधीतला एक वाटा कायम ठेव म्हणून बाजूला काढा. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून काठाची झाडलोट, दुरुस्ती, पाट्या, स्वच्छतागृहे बारा वर्षे चालवायची. आजवर दर सिंहस्थाला नवे बांधले गेले आणि पर्वणी संपली की पाहायला कुणी उरले नाही, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. या ठेवीवर देखरेख करायला काठावरचे रहिवासी, पुरोहित, विक्रेते, अभ्यासक असे सगळे घ्या आणि हिशेब दरवर्षी जाहीर वाचा. ही पद्धत याच गावात विणकरांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून चालवलेली आहे, दहाव्या लेण्यात जाऊन वाचता येईल.

पहिले अमृतस्नान २०२७च्या ऑगस्टमध्ये आहे. त्याआधीचा पावसाळा धरला तर दगडकामाला मिळणारे कोरडे महिने फार नाहीत. म्हणून पत्राचे उत्तर मला पोस्टाने पाठवू नका. येत्या महिन्याभरात पटांगणावर बैठक लावा, तारीख वर्तमानपत्रातून कळवा. दोन्ही काठांवरचे लोक येतील. मीही माझ्या हरकती लेखी घेऊन येईन आणि कामात जिथे हात लागेल तिथे विनामूल्य मदत करीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
तिवंधा, जुने नाशिक